अर्ध्या चांदीचा मान

30 डिसेंबर 2018 रोजी पोर्ट ब्लेअरला पंतप्रधानांच्या हस्ते 75 रुपयांचं एक नाणं प्रकाशित झालं. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला सेल्युलर जेलच्या पार्श्वभूमीवर सलामी देणारे नेताजी सुभाषचंद्र बोस. 75 वर्षांपूर्वी, 30 डिसेंबर 1943 ला, नेताजींनी पोर्ट ब्लेअरच्या जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला होता, त्याची ही आठवण. 75 रुपयांचं नाणं भाजीवालीला देऊन कोणी सुटे मागत नाही. ते टांकसाळीकडून डबीत येतं आणि संग्राहकाच्या कपाटात जातं. त्याच्या वर्णनात लिहिलेलं असतं: व्यास 44 मिलिमीटर, वजन 35 ग्रॅम, चांदी 50 टक्के, तांबं 40 टक्के, निकेल 5 टक्के, जस्त 5 टक्के.

हे आकडे वाचून बहुतेक जण डबी बंद करतात. पण जुन्या वळणाचा सराफ 35 ग्रॅम म्हटल्यावर मनातल्या मनात दुसराच हिशेब मांडेल. एक तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे हे नाणं बरोबर तीन तोळ्यांचं. आणि इंग्रजी अमलात 1835 सालापासून चांदीच्या एका रुपयाचं वजनही नेमकं एक तोळा होतं. त्यामुळेच आजीच्या हिशेबात ‘रुपयाभार’ हे माप होतं. वैद्याची पुडी रुपयाभार, स्वयंपाकातली खसखस रुपयाभार, आणि सरकारी शेर 80 रुपयाभारांचा. सोनाराकडे वजन कमी पडलं तर तराजूत रुपये टाकायचे, इतकं ते नाणं वजनाला पक्कं. 75 रुपयांच्या नेताजींच्या नाण्यात असे तीन रुपये बसतात.

वजनाचं झालं, आता चांदीचं. 50, 40, 5, 5 हे मिश्रण स्वतंत्र भारताच्या टांकसाळीने शोधलेलं नाही. ते 1940 सालचं आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुरेना म्हणून इंग्रज सरकारने सहाव्या जॉर्जच्या रुपयासाठी ठरवलेलं हे प्रमाण. ज्या युद्धासाठी हिंदुस्थानची चांदी पातळ केली गेली, त्याच युद्धकाळात त्या सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांचा मान आपण त्याच पातळ चांदीतून केला. टांकसाळीत हा योगायोग कोणाच्या लक्षात आला असेल की नाही, कोण जाणे. इतिहासाला मात्र अशा खोड्या काढायची सवय आहे.

त्याआधीचा रुपया खरोखरच खणखणीत होता. बारा भागांत अकरा भाग चांदी. व्हिक्टोरियाचा राणीछाप, एडवर्डचा, पाचव्या जॉर्जचा, सगळे एकाच कसाचे. कोकणातल्या, देशावरच्या घराघरांत ते मडक्यात पुरले जात, लेकीच्या हमेलीत ओवले जात, लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात ठेवले जात. नोट म्हणजे कागद आणि रुपया म्हणजे धन, हा लोकांचा साधा निवाडा होता, आणि तो चुकीचा होता असं म्हणता येणार नाही.

जून 1940 मध्ये फ्रान्स पडला आणि हा निवाडा एकदम रस्त्यावर आला. इंग्रज हरणार, मग त्यांच्या नोटांचं काय होणार, या धास्तीने लोकांनी नोटा मोडून रुपये घ्यायला मुंबई-कलकत्त्याच्या काउंटरांवर गर्दी केली. सरकारच्या तिजोरीतला चांदीचा साठा भराभर उतरला. त्याच महिन्यात सरकारने हुकूम काढला की गरजेपेक्षा जास्त नाणी गोळा करणं हा गुन्हा. मग एक रुपयाची नोट आली. पहिल्या महायुद्धानंतर बंद झालेली ही नोट पुन्हा काढावी लागली. पाठोपाठ चांदीला हात लागला. आधी पावली, मग अधेली आणि शेवटी रुपया, अशा क्रमाने चांदी अकरा-बारांशावरून निम्म्यावर आली.

लोकांनी राणीछाप रुपये दडवून ठेवू नयेत म्हणून ते चलनातून बाद करण्याचा सपाटाही लागला. 1941 साली व्हिक्टोरियाचे रुपये गेले, 1942 ला एडवर्डचे, 1943 ला पाचव्या जॉर्जचे. बाद झाले म्हणून ते बाहेर आले असं नाही. जे लोकांकडे राहायचे ते राहिलेच. आजही दिवाळीत जोगेश्वरीच्या मेघवाडीत किंवा मजासवाडीत लक्ष्मीपूजनाच्या ताटात एखादा रुपया निघतो, त्यात राणी असते, कधी राजा असतो. तो खरा की युद्धकाळातला, हे ओळखायला सराफाकडे जायची गरज नाही. सहाव्या जॉर्जचा मुखवटा असेल तर नाण्याची कड बघावी. साध्या उभ्या रेघा असतील आणि साल 1938 असेल तर तो जुन्या कसाचा. कडेवरच्या रेघांच्या मधून एक खाच गोल फिरलेली असेल तर तो 1940 नंतरचा, अर्ध्या चांदीचा. चांदी कमी केल्यावर खोटी नाणी पाडणाऱ्यांचं फावेल, या भीतीने सरकारने ही खास कड काढली होती. 1939 सालचा रुपया फार दुर्मीळ आहे. तो सापडला तर पूजेत ठेवण्यापेक्षा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेला बरा.

युद्ध वाढत गेलं तसा देशात लष्कराचा पसारा वाढला. इंग्रज फौज, अमेरिकी फौज, हंगामी मजूर, कंत्राटदार, सगळ्यांना पगार रोकड हवा. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी पुरेनात म्हणून 1943 मध्ये लाहोरला तिसरी टांकसाळ उघडली. तरीही चांदी पुरली नाही, तेव्हा अमेरिकेकडे हात पसरले गेले. लेंड-लीज करारातून हिंदुस्थानला सुमारे 22.6 कोटी औंस चांदी मिळाली. देणगी म्हणून नव्हे, उसनी. औंसाला औंस परत करायची, आणि तीही चांदीच्याच रूपात. 1957 पर्यंत ती फेडली गेली. 1946-47 मध्ये निकेलची नाणी आली, चांदीचा रुपया संपला, आणि सहाव्या जॉर्जचे ते अर्ध्या चांदीचे रुपये गोळा करून, वितळवून, शुद्ध करून स्वतंत्र भारताने इंग्रजांचं उसनं अमेरिकेला परत केलं. दुसऱ्या महायुद्धाचं बिल आपण भरलं ते असं.

हे सगळं चालू असताना त्याच रुपयांवर हात मारणारी मंडळीही होती. साताऱ्याच्या प्रतिसरकारला, लोकांच्या तोंडी पत्री सरकारला, चळवळ चालवायला पैसा लागत होता. 14 एप्रिल 1944 रोजी आजच्या धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिन्याची गाडी अडवून साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम पळवली. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांची नावं या घटनेशी जोडलेली आहेत. साम्राज्याच्या रुपयाचा साम्राज्याविरुद्ध इतका थेट उपयोग दुसरा नसेल.

मुंबईत मात्र बंडाचं हत्यार वेगळं होतं. 8 ऑगस्ट 1942 ला गवालिया टँकवर भारत छोडोचा ठराव झाला, 9 ला पहाटे पुढारी पकडले गेले. ‘क्विट इंडिया’ ही घोषणा सुचवणारे युसुफ मेहेरअली त्याच वर्षी मुंबईचे महापौर झाले होते. 27 ऑगस्टला उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र हवेत बोलू लागलं. पोलिसांना चुकवायला जागा बदलत राहिलं आणि 12 नोव्हेंबरला पकडलं गेलं. उषाताई तेव्हा 22 वर्षांच्या. पुढची साडेतीन-चार वर्षं त्यांनी तुरुंगात काढली.

आणि जिथे आजही दिवाळीच्या ताटात ते जुने रुपये निघतात, ती जोगेश्वरी?

जोगेश्वरी तेव्हा मुंबईत नव्हती. सहाव्या शतकातल्या लेण्यांच्या अवतीभवतीचं ते उपनगरी गाव होतं, इस्माईल युसुफ कॉलेजची टेकडी होती, मधून बी. बी. अँड सी. आय. रेल्वे गेली होती. मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरीपर्यंत आली 1950 साली. पण विजेने हे गाव मुंबईशी आधीच जोडलं होतं. 1928 च्या जानेवारीत कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंतच्या लोकल विजेवर धावू लागल्या. 1929 साली स्थापन झालेली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी टाटांकडून वीज विकत घेऊन उपनगरांना पुरवू लागली. टाटांची वीज होती सह्याद्रीतल्या पाण्याची. खोपोली, भिवपुरी इथून उंच लोखंडी मनोऱ्यांवरून तारा मुंबईकडे येत. गिरण्या, ट्राम, लोकल, उपनगरांतले दिवे, सगळ्याचा दोरा कर्जतच्या डोंगरांत बांधलेला.

तो दोरा तोडायचा, असं ठरवणारा माणूस माथेरानचा होता.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोकांचे भाई कोतवाल. जन्म 1 डिसेंबर 1912, माथेरानचा, नाभिक कुटुंबातला. शिकून वकील झाले. वकिली करून पुण्या-मुंबईत स्थिरावता आलं असतं, पण ते माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आले, उपाध्यक्ष झाले. डोंगराखालच्या कर्जत, मुरबाड भागात कातकरी आणि ठाकर सावकाराच्या कचाट्यात होते. त्यांच्यासाठी कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याने कोठीतून धान्य न्यायचं आणि सुगीला परत करायचं, म्हणजे सावकाराच्या उंबऱ्यावर जायला नको. वाड्यांवर शाळाही काढल्या. 1942 चं बंड पुढे तग धरून राहिलं ते या कोठ्यांच्या आणि शाळांच्या बळावर, हे विसरलं जातं. ज्या वाडीत मास्तर म्हणून माणूस ओळखीचा असतो, तिथे फरारी म्हणून तो उपाशी राहत नाही.

ऑगस्ट 1942 नंतर कोतवाल भूमिगत झाले. त्यांचं ‘आझाद दस्ता’ हे पथक डोंगरातल्या वाटांनी फिरत, रात्री विजेचे मनोरे पाडत, तारा तोडत होतं. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या थांबाव्यात, सरकारचं युद्धकाम खोळंबावं, हा हेतू. काम सोपं नव्हतं. लोखंडी मनोऱ्याचे पाय करवतीने कापायचे, तेही अंधारात, आवाज दूरवर जाईल या धास्तीने. मनोरा कोसळला की पलीकडे कुठेतरी शहर अंधारात जायचं, आणि इथे डोंगरात पोलिसांची वर्दळ वाढायची. सरकारने बक्षीस लावलं, गावागावांत झडत्या घेतल्या, मारझोड केली.

2 जानेवारी 1943 च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी पथकाला घेरलं. गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील मारले गेले. कोतवालांनी तिशी ओलांडून जेमतेम महिना झाला होता. सिद्धगडावर दरवर्षी 2 जानेवारीला लोक जमतात. मुंबईत दादरला प्लाझा सिनेमासमोर ‘वीर कोतवाल उद्यान’ आहे. पश्चिम रेल्वेने दादरला उतरून बस पकडणारे हजारो लोक रोज त्या नावाखालून जातात. त्यातले किती जण कोतवाल म्हणजे जुन्या काळचा पोलीस कोतवाल समजतात, याची मोजदाद न केलेलीच बरी. 2020 मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला.

‘आझाद दस्ता’ हे नाव त्याच काळात आणखी एका ठिकाणी घुमत होतं, आणि तिथून गोष्ट पुन्हा नाण्याकडे वळते.

जयप्रकाश नारायण यांचा महाराष्ट्राशी संबंध नाशिक रोडच्या तुरुंगातला. 1932-33 मध्ये अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे अशी मंडळी तिथे होती. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना त्या तुरुंगातल्या चर्चांतून आकाराला आली. युद्ध सुरू झाल्यावर जयप्रकाशांना देवळीच्या छावणीत आणि तिथून हजारीबागच्या तुरुंगात ठेवलं. ऑगस्ट 1942 ला देश पेटला तेव्हा ते आतच होते. मग आली दिवाळी. 9 नोव्हेंबर 1942 च्या रात्री पहारेकऱ्यांचं लक्ष सणात गुंतलेलं असताना जयप्रकाश, रामनंदन मिश्र, योगेंद्र शुक्ल, सूरज नारायण सिंह, गुलाबचंद गुप्ता आणि शालिग्राम सिंह असे सहा जण धोतरांना धोतरं बांधून भिंतीवरून उतरले. पळाल्याचा बोभाटा व्हायला बराच वेळ गेला, कारण आत राहिलेल्या सोबत्यांनी सण जोरात चालू ठेवला. जंगलातून अनवाणी चालत ते निसटले. पुढे नेपाळच्या तराईत त्यांनी हत्यारी पथक उभारलं, त्याचं नाव आझाद दस्ता. तिथे ते आणि राममनोहर लोहिया पकडले गेले, तर साथीदारांनी हनुमाननगरच्या चौकीवर छापा घालून दोघांना सोडवलं. सप्टेंबर 1943 मध्ये लाहोरकडे जाणाऱ्या गाडीत जयप्रकाश पुन्हा सापडले, लाहोरच्या किल्ल्यात त्यांचे हाल झाले, आणि सुटका झाली ती एप्रिल 1946 मध्ये. अच्युतराव पटवर्धन मात्र शेवटपर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

मुंबईचा जयप्रकाशांशी संबंध पुढे वेगळ्या कारणाने आला. 1975 च्या आणीबाणीतल्या तुरुंगवासात त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि सुटकेनंतर पेडर रोडच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिस सुरू झालं. 1942 च्या सरकारने ज्याला किल्ल्यात डांबलं, त्याला स्वतंत्र भारताच्या सरकारनेही डांबलं. जन्मशताब्दीला, 2002 साली, त्याच सरकारच्या टांकसाळीतून त्यांच्या मुखवट्याची नाणी निघाली: 100 रुपयांचं चांदीमिश्रित आणि एक रुपयाचं स्टेनलेस स्टीलचं. 100 रुपयांचं नाणं पुन्हा तेच, 35 ग्रॅम, निम्मी चांदी.

स्मारक नाण्यांचा आपला रिवाज तसा 1964 चा. नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या मुखवट्याचं रुपयाचं आणि 50 पैशांचं नाणं निघालं. 1969 ला गांधी शताब्दीचं 10 रुपयांचं नाणं चांदीत आलं, त्यात 80 टक्के चांदी होती. पण चांदीचा भाव चढत गेला आणि 1972 मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी नाण्यात चांदी निम्म्यावर आली. टांकसाळीला हे मिश्रण नवं नव्हतं. युद्धात त्याचे कोट्यवधी रुपये तिने पाडले होते. पुढची अनेक दशकं 100 रुपयांची, 75 ची, 125 ची नाणी याच मापाने निघत राहिली. लोकमान्य टिळकांचं 2007 चं नाणं याच मालिकेतलं. अलीकडच्या काही नाण्यांत मात्र शुद्ध चांदी वापरलेली दिसते.

नेताजींच्या नाण्याकडे एका गोष्टीसाठी परत जायला हवं. त्यांचे मराठी सहकारी जनरल जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे. आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ, आझाद हिंद सरकारात मंत्री, आणि स्वातंत्र्यानंतर केंद्रात उपमंत्री. मंत्रालयाजवळच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. आझाद हिंद सरकारला स्वतःच्या पैशाचं भान होतं. एप्रिल 1944 मध्ये रंगूनला आझाद हिंद बँक सुरू झाली. पण पोर्ट ब्लेअरच्या ज्या ध्वजाची आठवण नाण्यावर आहे, त्याची दुसरी बाजू नाण्याच्या मागच्या बाजूलाही नाही. अंदमान तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होतं. ध्वज फडकल्याला महिना झाला आणि 30 जानेवारी 1944 रोजी हम्फ्रीगंज इथे जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून 44 हिंदी माणसांना गोळ्या घातल्या. नेताजींना बेटावरची खरी हालत दिसू दिली गेली नाही, असं अंदमानातल्या लोकांनी पुढे सांगितलं. सोहळ्याच्या दिवशी अशी गोष्ट काढू नये म्हणतात. पण 44 मिलिमीटरच्या चकतीवर मावत नाही म्हणून ती घडलीच नाही, असं होत नाही.

मुंबईची टांकसाळ फोर्टमध्ये, शहीद भगतसिंग मार्गावर रिझर्व्ह बँकेशेजारी आहे. 1820 च्या दशकात बॉम्बे इंजिनिअर्सच्या मेजर जॉन हॉकिन्सने बांधलेली, ग्रीक खांबांची ती इमारत अजून उभी आहे. मुंबईत पाडलेल्या नाण्यावर सालाच्या खाली शंकरपाळ्याच्या आकाराची इवलीशी खूण असते. हैदराबादची खूण चांदणी, नोएडाची टिंब, आणि कोलकात्याची खूणच नाही. सर्वात जुन्या टांकसाळींपैकी एक म्हणून कोलकात्याला ओळख द्यायची गरज वाटली नसावी. चांदीची स्मारक नाणी रोजच्या नाण्यांसारखी यंत्राच्या तोंडातून खणखण पडत नाहीत. चकती आधी घासूनपुसून चकचकीत करतात, ठसाही चकचकीत, आणि एकाच चकतीवर दाब दोनदा-तीनदा देतात. तेव्हा कुठे नेताजींच्या टोपीची कड धारदार उमटते. यालाच संग्राहक ‘प्रूफ’ म्हणतात. किंमत दर्शनी किमतीच्या कितीतरी पट असते आणि आगाऊ नोंदणी करावी लागते.

हे सगळं खरं, पण मानाचा विचार केला तर चांदीच्या नाण्याचं काम अर्धवटच झालं, असं म्हणावं लागतं. जयप्रकाशांचा चांदीचा 100 रुपयांचा तुकडा किती लोकांनी पाहिला? स्टीलचा एक रुपया मात्र लोकलच्या तिकीटखिडकीवरून, किराणा दुकानाच्या गल्ल्यातून, देवळाच्या दानपेटीतून वर्षानुवर्षं फिरला. नेताजींच्या जन्मशताब्दीचं दोन रुपयांचं अकरा कडांचं नाणंही असंच फिरलं. कित्येक मुलांनी नेताजींचा चेहरा पाठ्यपुस्तकाच्या आधी त्या नाण्यावर पाहिला असेल. फ्रान्सने हे नेमकं ओळखलं. जर्मन अमलाविरुद्धच्या गुप्त लढ्याचा नेता ज्याँ मूलँ 1943 मध्ये छळ होऊन मेला. त्याच्या मृत्यूला 50 वर्षं झाली तेव्हा फ्रान्सने त्याचा चेहरा 2 फ्रँकच्या रोजच्या नाण्यावर घातला. पावाच्या दुकानात सुट्टे पैसे घेताना माणसाच्या हातात मूलँ येत होता.

भाई कोतवालांसारख्या माणसाला कोणतं नाणं शोभेल, याचं उत्तर यातच आहे. ज्याने आयुष्य कोठीतल्या धान्याच्या मापात आणि रात्री मनोऱ्यांवर करवत चालवण्यात घातलं, त्याचा चेहरा मखमली डबीत कशाला? पाच किंवा दहा रुपयांच्या साध्या नाण्यावर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला सिद्धगडाचा डोंगर, एवढं पुरे. वजन हलकं असो, धातू स्वस्त असो. मुरबाडच्या एसटीत आणि चर्चगेटच्या लोकलमध्ये ते हातोहात गेलं पाहिजे.

नाणं काढायचा अधिकार 2011 च्या नाणे कायद्याने केंद्र सरकारचा आहे. अर्थ मंत्रालय राजपत्रात अधिसूचना काढतं, आणि त्याआधी कुठल्या तरी संस्थेकडून, राज्य सरकारकडून किंवा केंद्रीय खात्याकडून प्रस्ताव जावा लागतो. कोतवालांच्या हौतात्म्याला 2 जानेवारी 2043 रोजी 100 वर्षं होतील. सरकारी कागद हलायला लागणारा वेळ धरला तरी तेवढा अवकाश पुरेसा आहे. माथेरान नगरपालिकेने, कर्जत-मुरबाडच्या शाळांनी, आणि ज्या उपनगरांच्या तारा त्या डोंगरांतून आल्या त्या जोगेश्वरी-अंधेरीच्या वाचनालयांनी आणि मंडळांनी तो प्रस्ताव आतापासूनच लिहायला घ्यावा.